इस्तारीभाऊंची मऊ जीप

माझ्या वजनाला खऱ्या अर्थानं मान देणारा आयुष्यात एकच माणूस मला भेटला. बाकीच्यांनी सल्ले दिले. डॉक्टरांनी छापील आहार दिला, नवऱ्यानं टोमणे दिले, आणि आता सुनेनं चालायचे बूट आणून दिलेत, ते दाराशी बसून माझ्याकडे बघत असतात. इस्तारीभाऊंनी मात्र एका संध्याकाळी मला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं, स्वतःशीच मान डोलावली आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, या कामाले तुमीच पाह्यजे जी."

त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस तरंगत होते.

तेव्हा मी पस्तिशीची. गोंदिया आमच्या भंडारा जिल्ह्यातून नुकताच वेगळा झालेला, आणि माझी बदली भंडाऱ्याहून कोंढ्याच्या शाळेत झालेली. मी भंडारा शहरातली, म्हणजे माझ्या मते थेट राजधानीतली. कडक खळ घातलेली साडी, डोक्यावर घट्ट अंबाडा आणि तोंडात असं मराठी की जणू बातम्या द्यायलाच आले आहे. 'मले' म्हणणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी 'मला' म्हणायला लावलं. दिवाळीपर्यंत मीच वाण्याच्या दुकानात 'मले साखर द्या' म्हणत होते, हा भाग वेगळा.

माझ्या भाड्याच्या खोलीला लागून इस्तारीभाऊंचं घर. त्यांचा धंदा मांडव, रोषणाई आणि लाउडस्पीकरचा. पंचक्रोशीतलं लग्न असो की जयंती, खांबावर चढलेला माणूस इस्तारीभाऊच. अंगानं वाळक्या शेंगेसारखे, खिशाला टेस्टर आणि आवाज असा की त्यांना माइकची गरज काय, हा मला नेहमी पडणारा प्रश्न. माइक तपासताना सगळं जग 'हॅलो हॅलो' म्हणतं. इस्तारीभाऊ घरचा स्वयंपाक सांगत. "आज आमच्याकडे आंबाडीची भाजी हाय. मीठ जरा जास्त हाय." हे दोन शिवार ओलांडून ऐकू जाई. त्यांची बायको सुमनवहिनी त्या दिवशी बोरवेलवर पाण्याला यायची नाही.

कुठल्याही तारेला हात लावण्याआधी ते बोर्डावर बोटानं टिचकी मारून विचारत, "हायस का घरात?" मग टेस्टर लावत. करंट घरात असला तर "अच्छा, बस बस," असं म्हणून मागे सरकत. आणि 'येत नाही', 'होत नाही' हे शब्द त्यांना पाठच नव्हते. काहीही विचारा, उत्तर एकच, "होते ना जी." एका लग्नात मांडवाचा खांब वरपित्याच्या पायावर आला. तो बिचारा विव्हळतोय आणि हे त्याला म्हणताहेत, "होते ना जी." नम्रपणा नावाची चीज त्यांना कोणी दाखवलीच नव्हती. आपल्याइतका विजेतला जाणकार नागपूरपर्यंत नाही असं त्यांचं मत होतं, आणि नागपूरच्या पुढे ते कधी गेले नसल्यामुळे तिथलं काही ते सांगू शकत नव्हते.

अशा माणसाला एकच दुखरी जागा होती. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची.

कौतिकाबाई म्हणजे त्यांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, ती माहेरी परतली, आणि आईबापाच्या मागे या भावाला तिनंच मोठं केलं. तलावाच्या पाळीपलीकडे त्यांच्या थोड्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं होती, तीही तिनंच राखली. दरसाल रोवणा, म्हणजे भातलावणी, लागला की चिखलात रोपांची पहिली मूठ बाईच्या हातची. देव, नारळ, कुंकू हे सगळं त्या घरातून छप्पन सालच्या दीक्षेबरोबरच गेलेलं, पण बाईच्या मुठीशिवाय रोवणा लागत नसे.

मी गावात आले त्याच्या थोडं आधी, पावसाळ्याच्या सुरुवातीला, ती ओसरीवरून पडली आणि तिचा खुबा मोडला. दवाखाना, सळई, टाके, सगळं झालं. त्या वर्षीचा रोवणा तिच्यावाचून लागला. पहिली मूठ सुमनवहिनीनं लावली. आणि धान असं पिकलं की शेजारचे बघायला आले. बाईला नेमकं हेच लागलं. पीक बुडालं असतं तर ती उठून बसली असती.

"माह्याबिगर झालं ना?" एवढंच ती म्हणायची. "झालं त झालं. आता मले कायले उठवता?"

जेवण अर्ध्यावर आलं. बोलणं तर त्याहून कमी. येत्या रोवण्याला बाईला बांधीत न्यायचंच, नाहीतर ही भिंत तिला खाऊन टाकील, हे इस्तारीभाऊंनी ओळखलं. पण न्यायचं कसं? डॉक्टरांनी बसायला परवानगी दिली होती, धक्का मात्र बिलकूल नको म्हणाले होते. आणि बांधीकडे जाणारी पांदण म्हणजे नुसता धक्काच. एकदा त्यांनी बैलबंडीत तणशीची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, गादी करून तिला नेऊन पाहिलं. निम्म्या वाटेत मागे वळून बघतात तो बाईच्या ओठातून रक्त. ओरडू नये म्हणून तिनं ओठ चावून धरला होता. दुखतं हे तोंडानं सांगायचं नाही, ही बाईची जुनी खोड. बंडी तिथूनच परत फिरली.

गावकरी म्हणाले, खाटेवर बसवा, चौघं जण उचलून नेतो.

बाई भिंतीकडूनच बोलली, "चौघायच्या खांद्यावर मी एकडावच जाईन. अजून येळ हाय."

मग इस्तारीभाऊंनी जीप आणली.

जिल्हा फुटला तेव्हा कचेऱ्यांचं सामानही वाटलं गेलं म्हणे. खुर्च्या इकडे, कपाटं तिकडे. ही जीप कोणीच मागितली नाही, म्हणून लिलावात निघाली. तिच्या पुढच्या पाटीवरची बाकीची अक्षरं उडाली होती आणि फक्त 'जिल्हा' एवढं वाचता येत होतं. गावानं तेच तिचं नाव ठेवलं. "जिल्हा बंद पडला", "जिल्ह्याले धक्का द्या", "जिल्हा म्हशीनं अडवला", अशा बातम्या आमच्या गल्लीत रोज असत.

आता माझी एंट्री. "गाडीत बसून पाहा लागते जी, अन् कसं वाटलं ते सांगा लागते. या कामाले तुमीच पाह्यजे." मी लगेच समजले की हा अभिप्रायाचा मामला आहे. सुशिक्षित, चिकित्सक, निरीक्षणशक्ती असलेली व्यक्ती यांना हवी आहे. शनिवारी नवरा आला तेव्हा मी सहज म्हणाले, "इथले लोक तांत्रिक बाबतीतही माझा सल्ला घेतात." तो चहा पीत होता, त्याला ठसका लागला.

खरं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझं आणि कौतिकाबाईचं वजन सारखं होतं. 'हाडच मोठं' असं आम्ही दोघीही म्हणायचो. जन्मभर स्पीकरचे खोके उचललेल्या इस्तारीभाऊंना नजरेनं वजन कळायचं, आणि राईस मिलच्या काट्यावर बायकांच्या हसण्यात मी एकदा चढले होते तेव्हा ते तिथं मागेच उभे होते.

पहिल्या फेरीला मी कोशाची साडी नेसून गेले. इस्तारीभाऊंनी पवनीला जाऊन जीपचे पाटे काढून आणले होते. चाकांवर गाडी तोलून धरणारे हे लोखंडी पाटे एकावर एक रचलेले असतात. पवनीचा मिस्त्री हसला होता म्हणे. लोक पोती लादता यावीत म्हणून पाटे वाढवायला येतात, आणि हा बाबा काढायला आला. इस्तारीभाऊंचं गणित सरळ होतं. गादीतला कापूस काढला की गादी मऊ होते.

पहिल्याच खड्ड्यात गाडी खाली बसली ती बसलीच. लोखंडावर लोखंड आपटलं, माझं डोकं ताडपत्रीच्या कमानीला लागलं, आणि अंबाड्यातले आकडे मी आयुष्यात प्रथमच टाळूनं मोजले.

"कसं वाटलं जी?"

मी आवाज सावरून म्हणाले, "एकंदरीत प्रवास आल्हाददायक आहे, तथापि काही ठिकाणी..."

"दुखलं कुठी?"

"थोडा त्रास झाला."

"कुठी पण? कंबरेत का माकडहाडात?"

भंडारा शहरातल्या बाईनं परपुरुषासमोर माकडहाड हा शब्द उच्चारणं शक्य नव्हतं. मी अस्पष्ट असा हात फिरवला. ते वाकून सीटकडे बघत म्हणाले, "माकडहाडात," आणि खडूनं तिथं फुली मारली.

पुढच्या फेरीला काही पाटे परत आले, जुने कुजलेले रबर बदलले गेले आणि कुठल्याशा दुसऱ्याच गाडीचे शॉकअप लागले. ही फेरी खरंच मऊ होती. इतकी मऊ की जीप पांदणीतून नावेसारखी डुलत गेली आणि तलावाच्या पाळीवर मला उलटी झाली. इस्तारीभाऊ पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभे. "दुखलं त नाई ना जी?" मी मान हलवली. "मंग सुधारलं." उलटी त्यांच्या हिशेबात धरलेलीच नव्हती.

मधल्या काळात वायरिंग झालं. जुन्या तारा उंदरांनी खाल्लेल्या, त्यांनी सगळ्या उपटून टाकल्या आणि जयंतीच्या रोषणाईतून उरलेलं बंडल आणलं. सगळी वायर निळी. दिव्याला निळी, ब्रेकला निळी, हॉर्नला निळी. मी विचारलं, वेगवेगळे रंग असतात ना, ओळखायला? ते म्हणाले, "वळखाले काय, मीच त लावली." जोडणी झाल्यावर बटण दाबलं. ब्रेक मारला की हॉर्न वाजे, आणि हॉर्न दाबला की वायपर हलायचा. आठ-पंधरा दिवस ते जीपखाली पाठीवर पडून "हायस का घरात" विचारत होते. शेवटी बाहेर आले आणि जाहीर केलं, "राहू द्या. थांबतानी वाजला त चांगलंच हाय. मांगच्याले समजते." वायपरचं मात्र त्यांनी वेगळं करून दाखवलं, कारण पावसाळा जवळ आला होता.

तिसऱ्या फेरीत नाल्याच्या उतारावर पाणी खालच्या तारांत शिरलं आणि जिल्हा बंद पडला. म्हशी येऊन हुंगून गेल्या. मी आत बसलेली, साडी गुडघ्यापर्यंत, डोळ्यांत बातम्या देणाऱ्या बाईचं तेज शिल्लक नाही. तेव्हा इस्तारीभाऊंना जे येत होतं ते त्यांनी केलं. सगळ्या तारा खालून काढून वरच्या कमानींवरून मांडवासारख्या फिरवल्या. पाणी लागायचा प्रश्न मिटला. जीप मात्र लग्नाला निघाल्यासारखी दिसू लागली.

आणि मग त्यांनी ते बटण लावलं. ते बोलताना मी प्रथमच त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला.

"बाई दुखलं त सांगत नाई जी. ओठ खाते. म्हणून इथीसा बटन, अन् इथीसा माह्या डोयासमोर लाल बल्ब. बोला नाई लागत. दाबली का मी थांबतो."

मागच्या सीटच्या हाताशी बटण, ड्रायव्हरच्या पुढ्यात बल्ब. पुढल्या फेरीत मी ते बटण असं दाबलं की बल्ब तापला. गाडी दर दहा पावलांवर हॉर्न वाजवत थांबे. वैतागतील असं वाटलं होतं, पण इस्तारीभाऊ खूश. जिथं बल्ब लागला तिथं उतरून ते कडेला काडी रोवत, तिला निळ्या वायरीचा तुकडा बांधत. मग दुसऱ्या दिवशी त्या त्या जागी घमेल्यानं मुरूम टाकत. तेवढ्यात त्यांनी ट्रकची एक जुनी ट्यूब आणली, निम्मी हवा भरून सीटखाली घातली, वर तणीस, वर गोधडी. चाकांतली हवाही कमी केली. आणि एके दिवशी मी घरापासून बांधीपर्यंत गेले आणि बल्ब एकदाही लागला नाही. इस्तारीभाऊ उतरले, पांदणीकडे पाठ करून उभे राहिले आणि बराच वेळ विडीच शोधत होते.

मी हे सांगायला मोठ्या उत्साहानं कौतिकाबाईकडे गेले. माझ्या सूचनांमुळे गाडीत कशी आमूलाग्र सुधारणा झाली, हे मी तिला सविस्तर सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं. मग भिंतीकडून माझ्याकडे वळली, बऱ्याच दिवसांनी कोणाकडे तरी वळली, आणि म्हणाली, "अवो मास्तरीण, तुह्या सूचना नाई पाह्यजे त्याले. तुहं वजन पाह्यजे. तू माह्याएवढी जड हायस."

बाई हसत होती एवढंच मला आठवतं. सुमनवहिनी दारातून पळत आली. बाईला हसताना घरात कोणी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

माझा अपमान मात्र पूर्ण झाला होता. मी त्याच दिवसापासून जेवण तोडलं. एक वेळ काकडी, दुसऱ्या वेळी ताक. पुढच्या फेरीला बोलावणं आलं तेव्हा मी ताठ मानेनं गेले, म्हटलं, यांना दाखवून देऊ. मी सीटवर बसले. इस्तारीभाऊंनी ट्यूब किती दबली ते वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मास्तरीणबाई, तब्बेत बरी नाई का?"

"उत्तम आहे."

"जेवून नाई राहिल्या का जी?"

मी शेजारच्या ताडपत्रीकडे बघू लागले.

"असं नोको करू जी," ते हात जोडून म्हणाले. "रोवणा होईपर्यंत जेवा. मंग पाह्यजे त उपास करा. गाडी सारी बिघडून जाईन."

त्या दुपारी सुमनवहिनीनं लाखोरीच्या डाळीचे वडे आणि तळलेले मासे पाठवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी स्वाभिमानानं पहिला वडा बाजूला ठेवला. नंतरचे किती खाल्ले ते सांगत नाही. इतक्या कळकळीनं मला जेवायला आधी आणि नंतर कोणी सांगितलं नाही, माझ्या आईनंसुद्धा नाही.

रोवण्याचा दिवस उजाडला. पाऊस भुरभुर. बाईला उचलून सीटवर बसवलं, पाय लांब केले, बटण हाताशी दिलं. मी शेजारी चढायला निघाले तर इस्तारीभाऊ आडवे आले. "तुमी नोको जी. गाडी एकाच वजनाची हाय." झालं. जिच्यासाठी मी महिनोन्महिने आपटले त्या गाडीच्या मागे मी चिखलातून चालत निघाले, चप्पल हातात घेऊन.

जीप पावलापावलानं चालली. इस्तारीभाऊंची नजर वाटेवर कमी आणि बल्बवर जास्त. बल्ब लागेना. मुरमाच्या जागा गेल्या, वळण गेलं. नाल्याच्या उतारावर, जिथं मी हमखास बटण दाबायची, तिथंही बल्ब लागेना. हॉर्न वाजला, जीप थांबली. ते उतरून बल्ब फिरवून काढू लागले.

"काय झालं गा?" आतून बाई.

"बल्ब पाहून राहिलो. लागत नाई."

"मी दाबलीच नाई, त लागन कसा?"

"दुखलं नाई का बाई?"

"दुखलं ना. निघाल्यापासून दुखून राहिलं."

"मंग बटन काहून नाई दाबली?"

"दाबली का तू थांबतं," बाई म्हणाली. "मी काय थांबाले निघाली का घरून?"

इस्तारीभाऊ हातात बल्ब घेऊन उभे. एवढी निळी वायर, एवढी यातायात, आणि हे एक त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी तर बटण थांबण्यासाठीच दाबत होते.

"मंग कसा चालवू?"

"हळू नोको चालवू. हळू चालवलं का दुखणं लांबते."

त्यांनी बल्ब खिशात टाकला. जीप जी सुटली, ती मी आणि सुमनवहिनी पदर खोचून धावतोय तरी हाती लागेना. ठरलं होतं असं की गाडी पाळीवर थांबवायची आणि दोघांनी बाईला सीटसकट उतरवून बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर ठेवायचं. ओल्या पाळीवर इस्तारीभाऊंनी ब्रेक मारला. हॉर्न व्यवस्थित वाजला. गाडी थांबली नाही. ती अलगद घसरली आणि चिखल करून ठेवलेल्या बांधीत उतरली, आणि मग म्हशीनं पाण्यात बसावं तशी सावकाश बसत गेली, चढायची पायरी चिखलाला टेकेपर्यंत. हॉर्न अडकला, वाजतच राहिला. इस्तारीभाऊ कमानीवरची एकेक निळी वायर उपटत होते. कितव्या तरी वायरीला तो गप्प झाला.

रोवणाऱ्या बाया हातात परह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या घेऊन तशाच उभ्या. इस्तारीभाऊ स्टिअरिंग धरून बसलेले, मागे बघायची हिंमत नाही.

मी धापा टाकत पाळीवर पोहोचले तेव्हा दिसलं ते एवढंच. जीपच्या बाजूची ताडपत्री हलली आणि तिच्याखालून एक हात बाहेर आला. खाली गेला. खाली म्हणजे फार नाही, वीतभरावर चिखल होता. हातानं चिखल चाचपला, जसं तांदूळ शिजला का बघतात तसं. मग बाईनं ताडपत्री वर सारली आणि म्हणाली, "एक पेंडी द्या वो."

तिनं पहिली मूठ लावली. अंगठ्यानं दाबली. बाजूला दुसरी लावली.

"पाहून काय राहिल्या?" ती बायांना म्हणाली. "रोवा ना."

दिवसभर ती तिथंच बसली, ताडपत्री वर गुंडाळलेली, डोक्यावर छत्री, सगळ्यांच्या चुका काढत. माझ्याही काढल्या, कारण मीही उत्साहानं रोवायला उतरले होते आणि मी लावलेली रोपं माझ्यामागे एकेक करून पाण्यावर तरंगू लागली होती. "मास्तरीण, तू बाहेर निंग. तू बसाच्याच कामाची हायस." दुपारी तिनं आंबील मागून घेतली आणि पुन्हा मागितली.

संध्याकाळ झाली तरी हल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, दोन जोड्या लावूनही जीप हलली नाही. म्हणजे घरी जायला खाटेशिवाय इलाज नव्हता, आणि हे बाईला सांगणार कोण, यावर पाळीवर कुजबुज सुरू झाली. खाट आली. बाईनं तिच्याकडे पाहिलं.

"बसून न्याल त येतो," ती म्हणाली. "झोपून नाई."

चौघांनी उचललं. बाई खाटेवर ताठ बसलेली, चिखलाचा हात मांडीवर, धुवू दिला नव्हता. तलावाची पाळ आली. मग तिनं मान वळवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हे त कापसासारखं हाय. जराबी दुखत नाई. हे पयलेच काहून नाई केलं गा?"

खाटेखालचे चौघं चालत राहिले. मागून डोक्यावर सीट आणि काखेत ट्यूब घेऊन येणारे इस्तारीभाऊ मात्र थांबले, पाळीवर खाली बसले आणि हसायला लागले. ट्यूब घरंगळत तलावात गेली. तिच्यामागे कोणीच धावलं नाही.

बाई त्यानंतर भिंतीकडे तोंड करून झोपली नाही. जागा तीच, पण तोंड दाराकडे. दिवाळीनंतर माझी बदली परत भंडाऱ्याला झाली. पुढच्या उन्हाळ्यात निरोप आला की कौतिकाबाई गेली. झोपेतच, कोणाला न सांगता.

मी भेटायला गेले. सुमनवहिनी म्हणाली, मागे अंगणात आहेत. अंगणात कडुलिंबाखाली जीप उभी होती, बांधीचा चिखल तिच्या पोटाला तसाच वाळलेला. ड्रायव्हरची जागा रिकामी. इस्तारीभाऊ मागे बसले होते, बाईच्या सीटवर, पाय लांब करून.

मला बघून ते जरा ओशाळले. "बसून पाहून राहिलो जी. माह्या हातानं केली, पण मी कदी इथी बसून नाई पाह्यलो."

"कसं वाटतं?" मी विचारलं.

त्यांनी समोर बघितलं. मग डावीकडे वाकून बघितलं, मग उजवीकडे.

"इथून काईच नाई दिसत जी," ते म्हणाले. "वाट नाई, बांधी नाई. सारी ताडपत्री. फक्त डायवरची पाठ दिसते."

मला हे पहिल्या फेरीपासून ठाऊक होतं. कुठं दुखलं ते सगळं मी सांगितलं होतं, ही एक गोष्ट कोणी विचारली नाही आणि मलाही ती सांगण्यासारखी वाटली नाही.

ते एका बाजूला सरकले. गाव काय म्हणेल याचा विचार मी चढून बसल्यावर केला, आणि तोवर उशीर झाला होता. लिंबाची पानं ताडपत्रीवर पडत होती. आम्ही दोघं समोरच्या रिकाम्या सीटकडे बघत बसलो. कोणी बाहेरून पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही माणसं गाडी सुटायची वाट बघताहेत.